परभणीचं विमान आणि कापसाचा काटा

मला नोकरी लागली ती आवाजामुळे. बी.ए. झाले होते, तेही दुसऱ्या झटक्यात, पण त्याचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. परभणीहून औरंगाबादला बोलायचं म्हणजे त्या काळी ट्रंक कॉल, आणि ट्रंक कॉलवर पलीकडच्याला ऐकू जायचं तर नरडं हवं. मी मामांकडे राहून शिकले. मामा कोर्टात कारकून होते. एका संध्याकाळी ते सायकल लावता लावता म्हणाले, "त्या जिनिंगवाल्यानं विमान आणलंय. त्याला फोनवर बोलणारी बाई पायजे. तू घरात बोलतीस ते तसंबी पलीकडच्या गल्लीत ऐकू जातं."

मी समजले, मामा चेष्टा करतायत. विमान आणलंय हे त्यांनी 'म्हैस आणलीय' अशा आवाजात सांगितलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते. कापूस बरा येत होता. हा जो जिनिंगवाला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या गिरणीचा धनी, त्याला सगळे मालक म्हणत, तिशीतला माणूस. वडिलांनी त्याला हैदराबादला सरकीच्या तेलाचा धंदा शिकायला धाडलं होतं. तो तिथल्या फ्लाइंग क्लबात विमान चालवायला शिकून आला. वडील होते तोवर गप्प बसला. ते गेले तसं वर्षाच्या आत सहा जणांचं, दोन इंजिनांचं एक जुनं विमान घेऊन आला.

मी दुसऱ्या दिवशी जिनिंगच्या कचेरीत गेले. मालक टेबलावर कोपर टेकून बसले होते. केसांत सरकीचा कापूस.

"विमानात बसलात कधी?"

"नाही."

"भीती वाटती का?"

"बसल्यावर सांगते."

"उद्यापासून या," मालक म्हणाले. एवढीच मुलाखत.

ते विमान आधी एका फवारणीवाल्या कंपनीचं होतं. कंपनीचे साहेब लोक त्यातून फिरत, आणि साहेब नसले की औषधाचे डबे. त्यामुळे आत कायमचा एक वास बसलेला होता. पहिल्याच दिवशी बघायला आलेल्या एका कास्तकारानं दारातून डोकं आत घातलं, हुंगलं आणि म्हणाला, "बोंडअळीचं हाय." मालकांना ते लागलं. त्यांनी हैदराबादहून गुलाबाचं अत्तर मागवून सीटांवर शिंपडलं. त्यानं एवढंच झालं की बोंडअळी लग्नाला निघाल्यासारखी वाटायला लागली.

विमान मालकांनी चालवायचं नाही, अशी कायद्याची अट होती. त्यांच्याकडे हौसेचं लायसन होतं. भाड्याची माणसं न्यायला पक्कं लायसन लागतं. म्हणून हैदराबादहून एक कॅप्टन आणले होते. साठीला आलेले, उंच, पांढरी मिशी, निजामाच्या जमान्यापासून विमानं उडवलेले. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये राहायचे, दख्खनी बोलायचे आणि परभणीला 'तुमारा लंदन' म्हणायचे. मला पहिल्या दिवसापासून बेटी.

विमानतळ म्हणजे गावाबाहेर पाथरीच्या रस्त्याला मालकांची पडीक जमीन. ती सरळ करून अर्ध्या लांबीवर मुरूम टाकला. पुढच्या अर्ध्यावर टाकायचा राहिला तो राहिलाच. तिथं आपली काळी माती, उन्हाळ्यात भेगा पडणारी आणि पावसाळ्यात माणसाचा जोडा काढून घेणारी. शेजारच्या वावरातले एक आबा पट्टीवर राखणीला ठेवले होते. विमान यायच्या आधी म्हशी हुसकायच्या आणि उतरल्यावर पोरं. कॅप्टननी सांगितलं, हवा कुठून वाहते ते कळायला खांबावर कापडाची मोठी नळी लावतात, ती पाहिजे. शिंप्याला ते काही उमगेना. शेवटी मी माझा एक जुना परकर दिला. तो आबांनी बांबूला बांधला. वाऱ्यानं फुगला की कॅप्टन वरून बघून कुठल्या तोंडानं उतरायचं ते ठरवायचे. आमची विमान कंपनी माझ्या परकरावर चालली, हे मी माहेरी-सासरी आजवर सांगितलेलं नाही.

आणखी एक गंमत होती. नियमित विमानसेवा चालवायचा हक्क फक्त सरकारी कंपनीला. आमचा परवाना भाड्याच्या मोटारीसारखा. कुणी बोलावलं तर जायचं. वेळापत्रक छापायचं नाही, जाहीर करायचं नाही. म्हणून माझं मुख्य काम असायचं ते वेळापत्रक नाही असं सांगत वेळापत्रक सांगणं.

"औरंगाबादला विमान किती वाजता हाय?"

"आमचं वेळापत्रक नसतं."

"मग?"

"पण तुम्ही सोमवारी सकाळी आठला पट्टीवर आलात तर तुमच्यासारखेच आणखी चार जण आलेले असतील."

लोकांना हे चटकन समजायचं. परभणीत सगळ्याच गोष्टी अशा चालत. सोमवार-गुरुवार औरंगाबाद, शनिवारी हैदराबाद. रेल्वेनं जायचं तर मीटरगेजच्या गाडीत अंग काळं करून घ्यायचं, मुंबईला जायचं तर मनमाडला गाडी बदलायची. आमच्या विमानानं माणूस न्याहारी करून निघायचा आणि जेवायच्या वेळेआधी औरंगाबादेत. वकील यायचे, कापसाचे व्यापारी यायचे, नव्या विद्यापीठातले प्राध्यापक यायचे. बघे तर पाथरीहून जीप करून यायचे. पट्टीच्या कडेला भुईमुगाच्या शेंगांची गाडी लागायला लागली, मग चहाची. एक जण तर विमान उडाल्यावर टोपी हातात घेऊन उभा राहायचा. का ते त्यालाही सांगता यायचं नाही.

आता वजनाचं सांगते. छोट्या विमानात कोण किती भारी आहे हे आधी कळावं लागतं. कुणाला पुढं बसवायचं, कुणाला मागं, सामान किती घ्यायचं, सगळं त्यावर. कॅप्टननी पहिल्याच दिवशी सांगितलं, "बेटी, आदमी कू झूठ चलता, हवाई जहाज कू नै चलता." वजनाला काटा कुठला? तर जिनिंगमधला कापूस तोलायचा. तो बैलगाडीतून पट्टीवर आणला, पत्र्याच्या शेडखाली मांडला आणि त्याच्याजवळ मी रजिस्टर घेऊन उभी. येणाऱ्या प्रत्येकानं फळीवर उभं राहायचं, मी आकडा वाचायचा आणि लिहायचा. माझा आवाज तसा, त्यामुळे आकडा शेंगांच्या गाडीपर्यंत जायचा. तिथून आबा चाळीस किलोचा मण धरून त्याचे मण करायचे. "शहात्तर," मी म्हणायची. "दोन मणाला चार कमी," आबा तिकडून. एका वकिलीणबाईंनी काट्यावर चढायला साफ इनकार केला. मी म्हटलं, कानात सांगा. त्यांनी कानात पंचेचाळीस सांगितलं. मी त्यांच्याकडे बघितलं, रजिस्टरात सत्तर लिहिलं, आणि आमची चांगली ओळख झाली.

एका गुरुवारी आमच्या गावचे देशमुख आले.

आमचं गाव पोखर्णीच्या बाजूचं. दादा, म्हणजे माझे वडील, तिथं प्राथमिक शाळेत मास्तर. आम्ही छप्पन्न सालापासून बौद्ध. त्याआधी देशमुखांच्या दारावरून जाताना आमच्याकडची माणसं पायताण हातात घेत. दादांनी मास्तर झाल्यावर ते सोडलं. सोडलं म्हणजे तो रस्ताच सोडला. शाळेला जायला मागून फेरा घालून जायचे. हे मला माय सांगायची. दादांनी कधी तोंडातून काढलं नाही.

तर देशमुख जीपमधून उतरले. पांढरं धोतर, कोट, पायात करकर वाजणारे नवे जोडे. माझ्याकडे बघून थांबले.

"तू मास्तरची ना?"

"हो. जोडे काढा आणि काट्यावर या."

त्यांनी मान वळवून बघितलं. आजूबाजूला वकील, व्यापारी, शेंगवाला. मग वाकले, एका हातानं शेडचा खांब धरला आणि जोडे काढले. मी त्यांना तोललं. ब्याण्णव. "सव्वादोन मण आन वर दोन किलो," आबांनी जाहीर केलं. देशमुख जोडे घालून विमानात जाऊन बसले. मागच्या सीटवर, कारण वजन.

विमान परत आल्यावर कॅप्टन माझ्याकडे आले. चहाचा कप हातात होता. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बेटी, लोगां हवा में जूते पहन के बैठते ना?"

"हो."

"तो वजन जूतों के साथ लेना."

माझे कान तापले. जोडे काढायचा नियम त्यांनी केलेला नव्हता. कुणीच केलेला नव्हता. त्या सकाळपर्यंत सगळे पायताणासकट काट्यावर चढत होते. कॅप्टनना सगळं माहीत होतं असं नाही, पण माझं तोंड बघून त्यांनी पुढं काही विचारलं नाही. मी रजिस्टरात ब्याण्णव खोडून त्र्याण्णव केलं. नियम मोडीत निघाला. पुढच्या खेपेला देशमुख आले ते आपणहून जोडे काढून काट्यावर चढले. मी जोड्यांचा एक किलो धरून लिहिलं.

मी स्वतः विमानात बसले ती फुलं टाकायला.

पोखर्णीच्या नरसिंहाला मालकांनी नवस बोलला होता, धंदा चालला तर वरून फुलं वाहीन. धंदा चालला होता. यात्रेच्या दिवशी झेंडूच्या पाकळ्यांची दोन पोती आली. फुलं टाकायला माणूस हवा, आणि हलका हवा. मी अठ्ठेचाळीस भरले. आधीच्या रविवारी गावी जाऊन घरी सांगितलं तर माय आधी रडली, मग विमान पडणार नाही ना असं चार वेळा विचारलं. दादा कंदिलाची काच पुसत होते. ते म्हणाले, "आपण देव मानत न्हाई, माहीत हाय ना तुला?"

"पूजा नाही दादा, ड्युटी आहे."

त्यांनी काच परत बसवली. "मग ड्युटीवर वेळेत जावं," म्हणाले.

कॅप्टन चालवायला, शेजारी मालक, मागं मी आणि दोन पोती. विमान उठलं तशी मी खिडकीला नाक लावलं. खाली परभणी एवढीशी. रेल्वेची लाईन, जिनिंगचे पत्रे, मग नुसतं वावर. मला भीती वाटली नाही. मला हसू यायला लागलं. इतकी वर्षं पायी, बैलगाडीनं, एस.टी.नं तुडवलेला रस्ता खाली चाकोरीएवढा दिसत होता आणि पाच-सात मिनिटांत संपला.

देवळावर आल्यावर कॅप्टननी विमान खाली घेतलं. माणसांची गर्दी वर बघत होती. माझ्या शेजारची छोटी खिडकी उघडून मी पहिली ओंजळ बाहेर धरली. पुढं जे झालं ते शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. वाऱ्यानं सगळ्या पाकळ्या जशाच्या तशा आत आणल्या. दुसरी ओंजळ, तेच. तिसरीला कॅप्टनच्या मिशीत झेंडू, चष्म्यावर झेंडू, विमान डावीकडे कललं. "कायकू मेरेकू फूलां चढारी बेटी," ते ओरडले, "मैं देव नै हूं."

मालक चिडले. खाली हजारो माणसं आणि नवस अर्धवट. ते सीटांवरून मागं सरकले, दार हातभर उघडून पायानं दाबून धरलं आणि दुसरं भरलेलं पोतंच बाहेर ढकललं. तोंड बांधलेलं.

पोतं सरळ खाली गेलं. मी खिडकीतून बघत होते. देवळापासून बाजूला जिलेबीवाल्याचं पाल होतं, त्याच्या मधोमध ते आत शिरलं. कॅप्टननी विमान सरळ परभणीकडे वळवलं. माझ्या डोक्यात एकच, माणूस मेला असेल तर काय.

मेला नव्हता. जिलेबीवाला विमान बघायला म्हणून पालाच्या बाहेर आलेला होता. पाल फाटलं, कढई कलंडली, पोतं फुटून झेंडू चुलीभोवती पसरला. मालक दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले, मला सोबत घेऊन. बघतो तर त्या माणसानं फाटक्या पालाखाली पाटी मांडलेली, त्यात पाकळ्या. आभाळातून पडलेली फुलं म्हणून चिमूट चिमूट विकत होता. जिलेबीपेक्षा गिऱ्हाईक जास्त. मालकांना बघून त्यानं हात जोडले आणि विचारलं, "पुढच्या सालीबी टाकणार ना, मालक?"

त्यानंतर मालकांची छाती फुगली ती उतरलीच नाही. दुसरं विमान घेऊ, नागपूरला जाऊ, पुण्याला जाऊ. मुरूम मात्र राहिलेल्या अर्ध्या पट्टीवर टाकू म्हणायचे आणि विसरायचे. कॅप्टन प्रत्येक पगाराला आठवण करायचे. "पहले जमीन, बाद में आसमान," म्हणायचे.

पावसाळ्यात कॅप्टनचा एक नियम होता. सकाळी हातातली काठी घेऊन काळ्या मातीत चालत जायचे, काठी दाबायची, उपसायची. काठीला चिखल आला तर त्या दिवशी विमान नाही. मग पंतप्रधान येवो. आणि त्या श्रावणात पंतप्रधान नाही, पण एक पुढारी आले. त्यांना औरंगाबादला सभेला पोचायचं होतं, नदीला पूर होता, रस्ता बंद. जीपमधून चौघं उतरले. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. त्या सकाळी लख्ख ऊन.

कॅप्टन काठी घेऊन गेले आणि आले. काठी गुडघ्यापर्यंत काळी.

"नक्को," म्हणाले.

मालक त्यांना बाजूला घेऊन गेले. मला सगळं ऐकू येत होतं. मालक म्हणाले, हा माणूस मनात आणील तर आपल्याला नागपूरचा परवाना मिळेल. कॅप्टन म्हणाले, नागपूर का परवाना चिखल में नै चलता. मालक म्हणाले, मग मी नेतो. कॅप्टननी काठी शेडला टेकवली. मग शेडखालची लोखंडी खुर्ची उचलली, पट्टीच्या कडेला मांडली आणि तिच्यावर बसले. टोपी मांडीवर.

मी काट्याजवळ उभी होते. पुढाऱ्यांचा एक माणूस म्हणाला, "साहेबांचं वजन करत नसतात, बाई."

"सगळ्यांचं करतात."

"साहेबांचं न्हाई."

मालकांनी मला डोळ्यांनी खुणावलं. मी रजिस्टरात लिहिलं, 'वजन माहीत नाही, माणूस मोठा.' खाली वेळ टाकली.

विमान मुरमावरून धावलं. छान धावलं. मुरूम संपला तिथं उठायला हवं होतं, उठलं नाही. काळ्या मातीत चाकं गेली आणि विमान म्हैस बसावी तसं पुढच्या पायांवर बसलं. पंखे चिखलात फिरले, वाकले, बंद पडले. मग इतकं शांत झालं की परकर फडफडलेला ऐकू आला.

सगळे धावलो. मी चपला तिथंच सोडल्या. आबांनी दार ओढून काढलं, पुढाऱ्यांना पाठुंगळी घेतलं आणि कडेला आणलं. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. पुढाऱ्यांच्या धोतराचा रंग मात्र सांगता येत नव्हता. आबांनी त्यांना खाली ठेवलं, कंबर धरली आणि दम खात म्हणाले, "अडीच मण हायेत, बाई. लिवून घ्या."

पुढारी हसले नाहीत. मालक विमानातून उतरून तिथंच चिखलात उभे होते. कॅप्टन खुर्चीवरून उठले, त्यांच्याजवळ गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. रागावतील असं वाटलं होतं, पण रागावले नाहीत. तिसऱ्या दिवशी सहा जोड्या बैल लावून विमान ओढून मुरमावर आणलं. बैलांनाही ते पहिल्यांदा मान्य नव्हतं.

चौकशी लागली. मुंबईहून विमान खात्याचे दोन साहेब येणार होते. ते यायच्या आदल्या सकाळी मालक कचेरीत माझ्या टेबलासमोर बसले. दाढी वाढलेली.

"बाई, ते विचारतील, कोण चालवत होतं. कॅप्टन होते म्हणा."

मी रजिस्टर मिटलं.

"त्यांचं वय झालंय. दोन वर्षांत तसंबी घरी बसणार. माझं समदं पुढं पडलंय. तुमचीबी नोकरी हाय."

"कॅप्टनना विचारलं?"

"ते म्हणाले, जे पायजे ते सांगा."

मी लॉजवर गेले. कॅप्टन खिडकीत शर्टाला बटण लावत बसले होते. मी विचारलं, तुम्ही असं कसं म्हणालात. ते दोऱ्याला गाठ मारत म्हणाले, "मैं तो उड़ लिया बेटी, जितना उड़ना था. लड़के का दिल टूटा हुआ है. ऊपर से तुमारी नौकरी."

"लायसन जाईल तुमचं. वर नावही."

"नाम?" ते हसले. "परभणी में मेरा नाम किसकू मालूम?"

घरी येऊन मामांना सांगितलं. त्यांची हयात कोर्टात गेलेली. ते म्हणाले, "खोटी जबानी द्यायची तर आठ दिवस आधी ठरवावी लागती, पाठ करावी लागती, समद्यांची एक यावी लागती. तुझ्याकडं एक दिवस हाय. खरंच बोल, सोपं जातं." खरं-खोटं, धर्म, न्याय यातलं ते काही बोलले नाहीत. पण जेवताना मला त्यांनी स्वतः वाढलं, आणि तसं ते कधी करत नसत.

साहेबांनी जिनिंगच्या कचेरीत एकेकाला बोलावलं. माझी पाळी आली. एकानं रजिस्टर उघडलं. 'माणूस मोठा' वाचून त्याच्या ओठाचा कोपरा हलला, मग त्यानं चेहरा सरळ केला.

"विमान कोण चालवत होतं?"

"मालक."

"आणि कॅप्टन?"

"खुर्चीवर बसले होते. कडेला."

"का?"

"त्यांनी नको म्हणून सांगितलं होतं. काठीला चिखल होता."

मला हळू बोलायचं होतं, पण माझा आवाज माझ्या ताब्यात कधीच नव्हता. मधली भिंत लाकडी फळ्यांची. पलीकडे बाकावर मालक बसले होते. मी बाहेर आले तेव्हा त्यांनी वर बघितलं नाही. मला बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. एका माणसाचं सगळं स्वप्न मी चार वाक्यांत झोपवलं होतं, आणि त्या माणसानं मला नोकरी दिली होती, फवारणीचा वास सोडला तर कधी काही त्रास दिला नव्हता. त्या दिवशी मी पायी घरी गेले आणि वाटेत दोनदा रडले.

परवाना गेला. विमानाचे पंख सोडवून ते दोन ट्रकांत घालून हैदराबादला भंगारवाल्याकडे नेलं. ट्रक गावातून जाताना लोक लग्नाची वरात बघावी तसे रस्त्याच्या कडेला उभे होते. पट्टीवर आबांनी महिन्याभरात ज्वारी पेरली, मुरमावर नाही, काळ्या मातीवर. चांगली आली म्हणतात.

मालक महिना-दीड महिन्यानं मामांच्या घरी आले. मामींनी चहा दिला. तो त्यांनी खाली ठेवला. मग खिशातून घडी केलेला कागद काढला. माझं अनुभवाचं प्रमाणपत्र, टाइप केलेलं, सहीशिक्क्यानिशी. त्यात लिहिलं होतं की या बाई खरं बोलतात.

"हे लिहायचं नसतं," मी म्हटलं. "कार्यक्षम, प्रामाणिक, असं लिहितात."

"मला जे माहीत हाय ते लिवलं," मालक म्हणाले. चहा संपवला आणि उठले. दारात थांबून म्हणाले, "मी बी तसंच सांगायला पायजे होतं. पण तुमी आधी बोललात." ते रागानं म्हणाले की दुसरं काही, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढं ते जिनिंगच बघत राहिले. रस्त्यात भेटले की घरच्यांची चौकशी करायचे. आभाळाकडे बघताना मी त्यांना कधी पाहिलं नाही, पण मी काही पाळत ठेवून नव्हते.

ते प्रमाणपत्र घेऊन मी एका सरकारी कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी गेले. साहेबांनी ते दोनदा वाचलं.

"परभणीत विमान कंपनी?"

"होती."

"मग बंद का पडली?"

"चिखलानं. आणि थोडी माझ्यामुळं."

त्यांनी चष्मा काढून मला नीट बघितलं. मी त्यांना सगळं सांगितलं, पोत्यासकट. बाहेर रांगेत बसलेल्या उमेदवारांनाही ते ऐकू गेलं असणार, कारण मी बाहेर आले तेव्हा त्यातल्या एकानं उठून मला जागा दिली. पंधरा दिवसांनी येलदरीला धरणाजवळच्या कचेरीत रुजू व्हायचा हुकूम आला.

मी निघायच्या आठवड्यात हैदराबादहून पत्र आलं. कॅप्टनचं. उर्दूत लिहिलेलं. मामा निजामी शाळेत उर्दूतून शिकलेले, त्यांनी ओसरीवर बसून वाचलं. कॅप्टनचं लायसन शाबूत होतं. ते आता फ्लाइंग क्लबात पोरांना जमिनीवरचं शिकवत होते आणि विमानात बसायचं कुणी म्हटलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगत होते. त्यांच्या बायकोनं मला आंब्याचं लोणचं पाठवलं होतं, ते वाटेत पोस्टात कुणी तरी खाल्लं असावं. शेवटी विचारलं होतं, लग्न ठरलं का. नसेल तर घाई नक्को.

मी म्हटलं, मामा, उत्तर लिहा. नोकरी लागली, येलदरीला चालले, तुम्हाला सलाम. मामांनी कागद मांडीवर घेतला, दौत उघडली आणि लिहायला लागले. एक पान भरलं, दुसरं सुरू केलं.

"एवढं काय लिहिताय? मी तीनच गोष्टी सांगितल्या."

"उर्दू हाय, अजून सलामच चालू हाय," मामा मान वर न करता म्हणाले. "नोकरीवर यायला येळ लागंल. तू तवर बॅग भर."